एक्केचाळीस नंबरच्या घराचं लाल कार्ड

१

तीन कार्डं आली. त्यातलं एक लाल होतं, आणि लाल कार्डावर गुड्डीचं नाव होतं.

शकुनबाई अंगणातच उभ्या राहिल्या. सानगडीत आशाताई म्हणून बारा वर्षं काढलेली बाई. एरवी ओसरीवर बसून हक्कानं चहा मागून घेणारी. आज मात्र त्यांनी कार्डं नीतूच्या हातात ठेवली आणि पदरानं कपाळाचा घाम पुसला. डिसेंबरात, सकाळी नऊ वाजता.

मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या दिवशी गावात सिकलसेलच्या तपासणीचं शिबिर झालं होतं. साकोलीच्या एका संस्थेनं भरवलेलं. त्या दिवशी शकुनबाईंनी भोंग्यावरून रंगांचे अर्थ इतक्या वेळा सांगितले होते की गावातल्या पोरांनाही ते पाठ झाले होते. पांढरं म्हणजे काही नाही. पिवळं म्हणजे वाहक, स्वतःला त्रास नाही, पण पुढच्या पिढीला देऊ शकतो. लाल म्हणजे आजार. सांधे दुखणार, रक्त कमी होणार, जन्मभर जपावं लागणार.

कमलेशचं कार्ड पांढरं होतं. नीतूचं पिवळं. आणि दोन वर्षांची गुड्डी, जी त्या क्षणी कोंबडीच्या मागे पळत होती, तिचं लाल.

"शकुनबाई, हे चुकलं असेल," नीतू म्हणाली. "पुन्हा तपासा."

"घेतो ना रक्त. आत्ताच घेतो, डबा आणलाय मी." शकुनबाईंचा आवाज खाली गेला. "पण रिपोर्टले तीन आठवडे लागतीन, बाई. तवरोक लालच समजायचं."

ओसरीच्या खांबाला टेकून सखाबाई सगळं ऐकत होत्या. नीतूच्या सासूबाई. सासरे जाऊन चार वर्षं झाली होती, तेव्हापासून घरातला शेवटचा शब्द त्यांचा. शिबिरात त्यांनी स्वतः मात्र रक्त दिलं नव्हतं. "माह्या अंगात सुई नाई खुपसू देत मी," म्हणून त्या दंडारीचं लोकनाट्य पाहायला निघून गेल्या होत्या.

"शकुन," त्या सावकाश म्हणाल्या, "तूच भोंग्यावर सांगत होती ना वो? लालवाल्याले मायकडूनही यावं लागते न् बापाकडूनही?"

शकुनबाईंनी डबा उघडला.

"मायनं देल्लं, समजलं. पिवळं कार्ड तं ते माहेराहूनच घेऊन आली. बापाचं पांढरं हाय." सखाबाईंनी सुनेकडे पाहिलं. "मंग दुसरं देल्लं कोणं?"

२

कमलेश वाईट माणूस नव्हता. बाजारातल्या त्याच्या दुकानात तो पाण्याच्या मोटारींचं वाइंडिंग करायचा आणि तारेचा एक फेरा चुकला तर सगळी तार उलगडून पुन्हा गुंडाळायचा. "मशीन चुकली असन," एवढंच तो म्हणाला. पण दोन दिवस तो जेवताना मान खाली घालून जेवला, आणि गुड्डी मांडीवर येऊन बसली तेव्हा तो तिच्या कानांकडे पाहत राहिला. बराच वेळ. नीतूनं ते पाहिलं. नीतूच्या नजरेतून काही सुटत नसे. त्याचा तिला स्वतःलाच त्रास होता.

आता तर ती गुड्डीचा प्रत्येक श्वास मोजू लागली होती. पोरगी "पाय" म्हणाली की ही तिचे घोटे चाचपायची. बोटं सुजली का? डोळे पिवळे दिसतात का? की हा नुसता चुलीचा उजेड आहे? गुड्डीचं पुन्हा रक्त घेतलं होतं, नळी गेली होती, पण एकवीस दिवस. एकवीस दिवस आजारी समजून पोरीकडे पाहायचं आणि सासूच्या नजरेसमोर भाकरी थापायची. हे आपल्याच्यानं होणार नाही, हे तिला दुसऱ्याच दिवशी कळलं.

ती बी.एस्सी. होती. साकोलीच्या कॉलेजात संगणक हा विषय घेऊन पहिल्या वर्गात पास झालेली. लग्नानंतर ते शिक्षण गुड्डीच्या लसींचं वेळापत्रक मोबाईलमध्ये नोंदवण्यापलीकडे वापरलं गेलं नव्हतं. पण एक गोष्ट तिच्या डोक्यात पक्की बसली होती. उत्तर चुकीचं असेल तर ते कुठेतरी पहिल्यांदा चुकलेलं असतं. ती जागा शोधायची.

शकुनबाई घरी लाखोळीची भाजी निवडत बसल्या होत्या.

"शिबिराचे निकाल संगणकात कोण भरतं?" नीतूनं विचारलं.

"साकोलीच्या लॅबमधला खुशाल नंबरवारी निकाल धाडते. मी त्याच्यासमोर नावं लावतो न् एका घराचा एक मेसेज करून साकोलीले पाठवतो. घर नंबर, मंग माणसं एकामागं एक. तिथला कंप्युटर तो मेसेज वाचते न् कार्डं छापते. मी आपल्या मनाचं काई लिवत नाई."

"आमच्या घराचा मेसेज दाखवता?"

शकुनबाईंनी मोबाईल काढला, आणि मग स्क्रीनवर अंगठा ठेवला. सहज ठेवल्यासारखा. "डिलीट झाला वाटते," त्या म्हणाल्या. पण अंगठा हलला नाही.

"शकुनबाई, माझ्या पोरीचा प्रश्न आहे."

"मले का समजत नाई? पण काई गोष्टी ज्याच्या त्यालेच सांगा लागतात, बाई. नियम हाय." भाजीची काडी त्यांनी उगाच दोनदा मोडली. नीतू उठली, उंबऱ्यापर्यंत गेली, तेव्हा मागून आवाज आला. "तुह्या सासूनं तो लिफाफा पाठवला का वो?"

"कोणता लिफाफा?"

शकुनबाईंनी जीभ चावली. "काई नाई. तू जाय. खुशालले इचार."

३

साकोलीची बस भरलेली होती. नीतू गुड्डीला मांडीवर घेऊन मागच्या सीटवर बसली आणि लिफाफ्याचा विचार करत राहिली. घरात पाकीट आलं असतं तर तिला दिसलं असतं. तिला न दिसता सासूबाईंच्या हातात एक पाकीट आलं होतं, म्हणजे ते मुद्दाम त्यांच्याच हातात दिलेलं होतं.

संस्थेची प्रयोगशाळा म्हणजे दोन खोल्या. एका खोलीत यंत्र, दुसरीत संगणक आणि खुशाल. तिशीचा, सडपातळ, गालात तंबाखूचा खर्रा. नीतूनं नाव सांगताच त्यानं समोरच्या जाड वहीवर वर्तमानपत्र पसरलं.

"वहिनी, मशीन खोटं बोलत नाई. आमच्याकडे नाव नसते, नंबर असते. नंबरची काही दुश्मनी हाय का तुमच्याशी?"

"नाही. म्हणूनच विचारते. गुड्डीचा नंबर कोणता होता?"

"पाहावं लागन. आज वेळ नाई."

"वही तर तुमच्यासमोरच आहे."

"ते दुसरी वही हाय."

आता याच्यापुढे काय बोलावं, असा प्रश्न नीतूला पडला. गुड्डीला पडला नाही. तिला वर्तमानपत्रावरचं ट्रॅक्टरचं चित्र दिसलं होतं. तिनं दोन्ही हातांनी ते ओढलं. पेपर तिच्या अंगावर आला आणि वही उघडी पडली. नंबरांच्या ओळी, प्रत्येकासमोर निकाल, आणि काही ठिकाणी निकालाऐवजी लाल पेनानं काढलेला छोटा गोल. खुशालचा हात वहीवर पडायच्या आत नीतूनं पाहून घेतलं.

"हे गोल कसले?"

"असेच."

"एकशे अठरावर गोल आहे. एकशे अठरा कोण?" तिनं गुड्डीच्या बाहीवरच्या, शिबिराच्या दिवशी लावलेल्या आणि धुऊनही न निघालेल्या चिकटपट्टीवर बोट ठेवलं. आकडे पुसट होते, पण होते. एक, एक, आठ.

खुशाल उठून खिडकीतून थुंकून आला. परत बसला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"गुठळी," तो म्हणाला. "गोल म्हणजे गुठळी. बारक्या पोराईचं रक्त नळीत लवकर जमते, वहिनी. हलवावं लागते, बर्फात ठेवावं लागते. पण तिकडे दंडार सुरू झाली होती न्... मी पंधरा मिनिटं म्हणून गेलो. एक तास झाला. एकोणीस नळ्या जमल्या. ते तपासताच आल्या नाई."

"म्हणजे गुड्डीचं रक्त..."

"मशीनमधे गेलंच नाई. मी शकुनबाईले 'बाकी' म्हणूनच कळवलं. पण एकोणीस नळ्या काहून जमल्या ते कोणाले नाई सांगतलं. नोकरी गेली असती ना."

 नीतूनं गुड्डीला इतकं घट्ट धरलं की पोरगी "अं" करून ओरडली. न तपासलेलं रक्त! मग आजार कुठला?

पण बसस्टँडच्या दिशेनं दहा पावलं जायच्या आत तो आनंद थांबला. दंडार पाहायला गेलेल्या माणसाचा शब्द घरी कोण मानणार? सासूबाई म्हणतील, साकोलीला जाऊन पढवून आली. आणि खुशालनं 'बाकी' कळवलं असेल, शकुनबाईंनी 'बाकी' लिहिलं असेल, तर कार्डावर लाल आलं कुठून?

संगणकानं स्वतःच्या मनानं आजार तयार केला होता?

४

मेसेज वाचून कार्डं छापणारा प्रोग्रॅम लिलाधरनं लिहिला होता, हे शिबिराच्या फलकावरच छापलेलं होतं. लिलाधर म्हणजे कॉलेजात तिच्या मागच्या बाकावर बसणारा. आता हायवेलगत त्याचं संगणकाचं दुकान होतं.

"तू म्हणून ऐकून घेऊन राहिलो," तो म्हणाला. "दुसरं कोणी असतं तर चहा पाजून वाटेला लावलं असतं. माझा प्रोग्रॅम चुकत नाई, नीतू."

"मग दाखव."

त्यानं लॅपटॉप पुढे ओढला. सानगडीचे सगळे मेसेज त्याच्याकडे होते. घर नंबर एक्केचाळीस त्यानं प्रोग्रॅमला दिलं. पडद्यावर तीन ओळी आल्या. कमलेश, पांढरं. नीतू, पिवळं. गुड्डी, निकाल नाही, कार्ड छापू नये.

"पाह्य," लिलाधर हात पसरून म्हणाला. "लाल कुठं आहे?"

नीतूनं पर्समधून लाल कार्ड काढून कीबोर्डवर ठेवलं. लिलाधरनं ते उलटसुलट करून पाहिलं. नंबर बरोबर, प्रोग्रॅमची खूण बरोबर. त्याचे पसरलेले हात खाली आले.

"मूळ मेसेज दाखव," ती म्हणाली. "शकुनबाईंनी लिहिलेला. जसाच्या तसा."

त्यानं दाखवला. एकच ओळ होती.

घर ४१. कमलेश एए. नीतू एएस. रिता एसएस रद्द. गुड्डी बाकी.

नीतूनं ती वाचली. मग पुन्हा, बोट ठेवून. एए म्हणजे पांढरं. एएस म्हणजे पिवळं. एसएस म्हणजे...

रिता तिची नणंद. वर्षापूर्वी तुमसरला दिलेली. मंडईला चार दिवस माहेरी आली होती. गावात मंडई म्हटली की घराघरात लेकी-जावई येतात. ज्याच्या घरी पाहुणा नाही त्याला लोक बरं नाही का म्हणून विचारतात. त्या दिवशी शिबिराच्या रांगेत घरच्यांबरोबर पाहुणेही उभे राहिले. शकुनबाईंनी त्यांचंही रक्त घेतलं. मंडईच्या दिवशी दारात आलेल्याला परत पाठवायचं त्यांच्या जिवावर आलं असणार. नंतर वरून निरोप आला असेल की पाहुणे गावाच्या यादीत धरू नका. म्हणून नावापुढे रद्द.

आणि तो लिफाफा. तुमसरला पाठवायचा.

रिता, जी मंडईतही दुपारी भिंतीला टेकून गुडघे चोळत बसली होती. सासरी जिला कामचोर म्हणत होते.

"काय झालं गं?" लिलाधर म्हणाला. "पांढरी पडली तू."

"काही नाही." ते रिताचं होतं, इथं बोलायचं नव्हतं. "रद्द लिहिलेल्या माणसाचं तुझा प्रोग्रॅम काय करतो?"

"ओलांडून पुढच्या माणसाकडे जातो. आणि गेलाच ना! माझ्या लॅपटॉपवर बरोबर गेला."

"कार्डं इथं छापली का?"

"नाई. प्रयोगशाळेतल्या कंप्युटरवर."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. लिलाधरनं दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं.

५

तोच प्रोग्रॅम. तोच मेसेज. प्रयोगशाळेतल्या जुन्या संगणकावर तीन ओळी आल्या: पांढरं, पिवळं, लाल.

"भूत आहे काय हे?" लिलाधर म्हणाला.

खुशाल दाराशी उभा राहून पाहत होता. त्यानं खर्रा चावायचं थांबवलं होतं.

"ऊठ जरा, लिलाधर," नीतू म्हणाली, आणि गुड्डीला खुशालच्या हातात देऊन खुर्चीवर बसली. चार वर्षांनी ती कीबोर्डवर बोटं ठेवत होती. मग तिनं तेच केलं जे भाजी बिघडली की बाई करते: एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहायची.

रिताचं नाव ओळीतून काढलं. गुड्डी कोरी आली.

नाव परत घातलं, पण रद्द झालेला निकाल एसएसऐवजी एए केला. गुड्डीचं कार्ड पांढरं!

परत एसएस केलं, आणि गुड्डीच्या पुढे 'बाकी'ऐवजी एएस लिहिलं. गुड्डी पिवळी. बरोबर.

"थांब," नीतू म्हणाली. तिला ते दिसलं होतं, पण शब्दात धरायचं होतं. "लिलाधर, माणूस ओळखायला तू काय वापरलंस?"

"रेग्युलर एक्स्प्रेशन. म्हणजे मजकूर कसा असू शकतो याचा नमुना द्यायचा, नमुना जुळवायचं काम भाषा करते. ते काम करणारा भाग मी नाई लिहिला, भाषेसोबतच येतो. स्टँडर्ड लायब्ररीत."

"आणि नमुन्यात दोन वाटा आहेत. आधी बघ, नाव आणि निकाल आहे का. असेल तर निकाल उचलून ठेव. तसं जुळलं नाही तर मागे ये, आणि दुसरी वाट बघ: हा रद्द झालेला पाहुणा आहे का."

"हाव."

"मग रितापाशी काय झालं बघ." ती खुशालकडेही पाहून बोलत होती, त्याला कळलं तर घरीही कळेल. "समजा एक बाई शेतातून निघाली. पहिल्या धुऱ्यानं, बांधावरून गेली, वाटेत बोरं दिसली, ओटीत घेतली. पुढे धुरा फुटलेला. म्हणून मागे फिरली, दुसऱ्या धुऱ्यानं गेली. मागे फिरताना बोरं जागच्या जागी ठेवून द्यायला हवी होती, कारण त्या वाटेनं ती गेलीच नाही असं धरायचंय. पण ओटी रिकामी करायची ती विसरली. पुढच्या घरी पोचली, तिथं स्वतःची बोरं असती तर जुनी टाकून ती घेतली असती. पण तिथं काहीच नव्हतं. 'बाकी' होतं. विचारलं, या घरून काय आणलंस? तिनं ओटी उघडली."

"रिताचा एसएस," लिलाधर पुटपुटला. "गुड्डीच्या नावावर."

"माझी गुड्डी नुसती रांगेत तिच्या मागे उभी होती."

लिलाधरनं मोबाईलवर त्या भाषेच्या चुकांची जाहीर यादी उघडली. पाच-सात मिनिटं तो वाचत राहिला. मग मान वर करून हसला, पण ओशाळून. "आहे. कोणीतरी आधीच सापडवली. नमुना जुळवताना मागे फिरलं की आधीचं उचललेलं पुसत नाई. नव्या आवृत्तीत दुरुस्त झालं. माझ्या लॅपटॉपवर नवी आहे." तो थांबला. "इथली मी नवी करणार होतो. उद्या, उद्या करत राहिलो. चूक माझ्या लिहिण्यात नाई, नीतू, पण या मशीनवर ठेवली मीच."

खुशाल म्हणाला, "पण हे एकाच घराचं झालं. योगायोग म्हणतीन लोक."

"म्हणतील," नीतू म्हणाली. "तुमची वही आणा. एकोणीस गोल."

एकोणीस गुठळ्या. त्या एकोणीस मुलांची कार्डं छापायलाच नको होती. लिलाधरनं छापलेल्या कार्डांची यादी काढली. बारा नावं यादीत नव्हती, म्हणजे बरोबर होती. सात होती. सातही ओळी त्यांनी वाचल्या. सातही घरांत त्या मुलाच्या अगदी वर, रांगेत त्याच्या पुढे, एक रद्द झालेला मंडईचा पाहुणा उभा होता.

"एक लाल, आपलं," लिलाधर मोजत होता. "बाकी सहा पांढरी. मग त्या सहा घरांतून कोणी आलं काहून नाई?"

"पांढऱ्या कार्डाची तक्रार घेऊन कोण येईल?" नीतू म्हणाली.

खुशालनं गुड्डीला खाली ठेवलं आणि वहीतले ते सहा नंबर कागदावर उतरवले. सहा पोरं, ज्यांचं रक्त कोणी पाहिलंच नव्हतं, आणि ज्यांच्या आया निश्चिंत होत्या.

"उद्या सकाळी मी सानगडीत येतो, वहिनी," तो म्हणाला. "बर्फ घेऊन. न् जे झालं ते माह्या तोंडानं सांगतो."

६

दुसऱ्या दिवशी ओसरीवर सतरंजी टाकली गेली. खुशालनं मान खाली घालून दंडारीची गोष्ट सांगितली. शकुनबाईंनी पाहुण्यांची. "दारात आलेल्या पाहुण्याले वाटेनं लावू का मी? मंडईच्या दिवशी?" लिलाधरनं लॅपटॉपवर एक्केचाळीस नंबरची ओळ काढायच्या आधी नीतूनं त्याच्या हातावर हात ठेवला.

"दुसऱ्या घराची दाखव. त्या सहांतल्या ताराबाईंची."

ताराबाईंच्या नातवाचं पांढरं कार्ड कसं आलं, ते त्यानं दाखवलं. कमलेश गुडघ्यावर हात ठेवून ऐकत होता. धुऱ्याची आणि ओटीची गोष्ट ऐकून तो म्हणाला, "म्हणजे एक वेढा उलटा सोडला न् तार कापलीच नाई. पुढच्या कॉइलमधे करंट जुनाच." त्याला ते सगळ्यांत लवकर कळलं.

"हे सगळं खरं," सखाबाई म्हणाल्या. "पण मंग आपल्या घरात पाहुणा कोण होता? ज्याचं लाल पोरीच्या नावावर पडलं?"

 अंगणात कोंबडी ओरडली, तिच्या मागे गुड्डी.

"आत्याबाई," नीतू हळू म्हणाली, "शकुनबाईंनी तुमच्याजवळ एक लिफाफा दिला होता."

सखाबाई तिच्याकडे पाहत राहिल्या. मग उठल्या, आत गेल्या. तांदळाच्या कोठीचं झाकण वाजलं. पाकीट बंदच होतं, वर रिताचं नाव होतं.

"मले वाचता येते का?" त्या दारातच उभ्या होत्या. "सरकारी कागद समजलो मी. संक्रांतीले आली का देईन म्हटलं." पाकीट त्यांनी उलटसुलट करून पाहिलं. "ह्यात काय हाय वो?"

"ते रिताताईनंच उघडायचं. आज फोन करून बोलावून घ्या. तुमसर काय लांब नाही. आजच बोलवा."

सखाबाई खांबापाशी बसल्या. त्या अडाणी नव्हत्या. नुसत्या शिकलेल्या नव्हत्या. भोंग्यावरचे शब्द त्यांनाही पाठ होते. मायकडूनही यावं लागते न् बापाकडूनही. त्यांची नजर भिंतीवरच्या नवऱ्याच्या फोटोकडे गेली आणि तिथून स्वतःच्या, सुई न लागलेल्या हाताकडे.

"माही पोरगी," त्या म्हणाल्या. "लोकं तिले आळशी म्हणत होते. मीही म्हणलो." आणि मग, "म्हणजे माह्याकडूनच."

याच खांबाला टेकून त्यांनी विचारलं होतं, दुसरं देल्लं कोणं. आता विचारायची पाळी नीतूची होती. ओसरीवरच्या प्रत्येकाला ते कळत होतं. 

नीतू खाली बसली. सासूच्या हातातलं पाकीट तिनं सरळ केलं.

"पिवळ्या कार्डानं काही होत नाही, आत्याबाई. मले काही झालं का? आणि रिताताईला औषध आहे. इतके दिवस दुखत होतं, नाव नव्हतं, एवढंच."

सखाबाईंनी मान फिरवली आणि पदर तोंडाला लावला. मग त्याच पदराआडून हात पुढे आला. "शकुन, सुई आणली का तू? घे, घे लवकर. माहं मन बदलाच्या आत."

७

एकविसाव्या दिवशी नाही, अठराव्याच दिवशी कार्डं आली. खुशालनं स्वतः आणून दिली. दारापर्यंत येईतो नीतूला त्याच्या हातातला रंग दिसत नव्हता, आणि ती चौकटीला धरून उभी होती.

गुड्डीचं पिवळं.

"बर्फात नेलं, वहिनी. हातानं हलवलं. दोनदा मशीनमधे टाकलं," तो म्हणाला. "ताराबाईच्या नातवाचं पांढरंच निघालं. बाकीच्या पाचांतलं एक पिवळं, चार पांढरी. लाल एकही नाई."

नीतूला हसू आलं, मग रडू, मग पुन्हा हसू. तिनं गुड्डीला उचललं तर पोरगी हात-पाय झाडू लागली, कोंबडी निसटत होती ना. जा, म्हणून तिनं सोडून दिलं. पडली तर पडेल. किती दिवसांनी तिनं गुड्डीकडे न मोजता पाहिलं.

ओसरीवर उन्हात रिता बसली होती, पायावर गोधडी घेऊन. तिच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या. काल तिचा नवरा तुमसरहून येऊन भेटून गेला होता, डॉक्टरांनी काय सांगितलं ते कागदावर लिहून घेऊन.

"वहिनी, सासरी मले काल फोनवर विचारलं, पाणी भरपूर पेतेस ना?" रिता म्हणाली. "एक साल झालं लग्नाले. पहिल्यांदा कोणी विचारलं. कामचोर होतो तवा कोणी नाई विचारलं. आजारी झालो तं बरं वाटून राहिलं मले."

"येडी," म्हणून नीतूनं तिच्या डोक्यावर टपली मारली.

कमलेश दुकानातून लवकर आला होता. चपला काढता काढता त्यानं गुड्डीला उचललं आणि नीतूच्या जवळ आला. बोलायचं होतं, जमत नव्हतं. "ते दोन दिवस मी..." तो म्हणाला.

"कान पाहत होता तुमी."

त्याचा चेहरा पडला. "तुले दिसलं?"

"मले सगळं दिसते."

"माहेच हायेत," तो गुड्डीच्या कानाला हात लावून म्हणाला. "तवाही दिसत होतं. तरी पाहत होतो. लाज वाटते, नीतू."

गुड्डीचा दुसरा कान तिनं धरला, आणि पोरगी दोघांच्या मधे लोंबकळून खदखदून हसली.

आत फळीवर सखाबाई कार्डं लावत होत्या. कमलेशचं पांढरं त्यांनी मागे सरकवलं. रिताचं लाल देवाच्या फोटोजवळ ठेवलं, औषधाच्या डबीला टेकवून. मग नीतूचं पिवळं. मग गुड्डीचं. आणि शेवटी कमरेच्या पिशवीतून, खुशालकडून हळूच घेतलेलं, कोणाला न दाखवलेलं, स्वतःचं काढलं. तेही पिवळंच होतं.

तिन्ही पिवळी त्यांनी एका ओळीत उभी केली, अंतर मोजून, आणि मागे सरून पाहिलं.

"एकाच घरच्या दिसतो आमी," त्या म्हणाल्या. मग सुनेकडे न पाहता, "चहा मांड वो. खुशाल दारातच उभा हाय, पाहुणा."